पुतळा फुटावर घ्यायचा की किलोवर?

नगरपालिकेच्या सभेत पुतळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती फुटी?’ शेजारच्या गावात बारा फुटी बसलाय म्हणून आपला पंधरा. ठरावात उंची येते, पुढे अंदाजपत्रकात येते, निविदेतही येते. आत सांगाडा कशाचा, पत्रा किती जाड, बोल्ट कुठले, याला फार तर एक ओळ मिळते, ‘तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली मजबूत काम करणे’. ठेकेदार मग जे विचारलंय तेवढंच देतो. उंची.

बाजारात आज पुतळे मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात, फायबरचे आणि ब्राँझचे. त्यांच्याबरोबर येणारी सेवाही धरायला हवी, म्हणजे मॉडेल, ओतकाम, वाहतूक, उभारणी आणि नंतरची निगा. हा आढावा त्या सगळ्याचा आहे. सिमेंटचे पुतळे सोडून दिले आहेत. आतली सळई गंजून फुगते आणि बोटं, तलवार, चष्म्याची काडी ही टोकं आधी झडतात, एवढं त्यांच्याबद्दल पुरे.

आधी फायबर. काचतंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर साच्यात एकावर एक लावतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईचा एक थर रेझिनसकट साधारण एक मिलिमीटर भरतो. म्हणजे पाच मिलिमीटरच्या कवचाला पाच थर हवेत. तीन थर लावून आतून रंगाचा जाड हात मारला की बाहेरून कुणाला कळत नाही. तपासायची सोपी जागा म्हणजे पायाशी किंवा पाठीत ठेवलेलं झाकण. ते उघडायला लावा आणि कडेला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावून मोजा. झाकणच ठेवलं नसेल तर आत काय आहे हे पुढे कुणालाच बघता येणार नाही. तसा माल घेऊ नये.

रेझिनमध्येही दोन दर्जे आहेत. साधं ‘जनरल पर्पज’ ऑर्थो रेझिन स्वस्त, पण पाण्यापुढे लवकर हार मानतं. आयसोफ्थॅलिक महाग, पण उघड्यावरच्या कामाला तेच मागावं. वर जेलकोटचा, म्हणजे रेझिनच्याच बाहेरच्या आवरणाचा, अर्धा मिलिमीटरचा थर आणि त्यात अतिनील किरणं रोखणारं द्रव्य हवं. ते नसेल तर काही उन्हाळ्यांत पृष्ठभाग खडूसारखा भुकटतो आणि हात लावला की बोटाला पांढरं लागतं. ‘ब्राँझ फिनिश’ म्हणून जो रंग मारतात तो शेवटी रंगच. तो डोक्यावर आणि खांद्यावर आधी उडतो, कारण ऊन तिथेच पडतं. मग दर जयंतीला स्थानिक पेंटरकडून नवा हात मारला जातो आणि चौथ्या-पाचव्या हातानंतर चेहऱ्याची ठेवण बुजते. नाकपुड्या भरतात, पापण्यांच्या कडा गोल होतात. आपल्याकडच्या बऱ्याच चौकांतले महापुरुष एकमेकांचे भाऊ दिसू लागलेत, त्याचं एक कारण हे.

फायबरचं कौतुक ‘हलकं’ म्हणून होतं, पण पुतळ्याच्या बाबतीत हलकेपणा ही अडचण आहे. दहा फुटी उभ्या पुतळ्याचं नुसत्या शरीराचं पृष्ठफळ सहा चौरस मीटरच्या आत-बाहेर असतं. अंगरखा, शाल, फेटा धरला की ते नऊपर्यंत जातं. फायबरचं पाच मिलिमीटर कवच चौरस मीटरला सात-सव्वासात किलो, म्हणजे एकूण पासष्ट किलोच्या आसपास. आता वारा बघा. इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय आणि मुंबईसाठी ४४. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरवर ९३ किलोच्या आसपास दाब येतो. पुतळ्याची समोरची बाजू अडीच चौरस मीटर धरली तर धक्का झाला सव्वादोनशे किलोंच्या वर, आणि उंच चौथऱ्यावर तो आणखी वाढतो. पासष्ट किलोची वस्तू त्यापुढे काय टिकणार? ती टिकते ती फक्त आतल्या सांगाड्याच्या आणि तळाच्या बोल्टांच्या जिवावर. ‘फायबरचंच आहे, चार बोल्ट खूप झाले’ हे वाक्य ऐकू आलं की बिल थांबवावं.

एवढं बोलूनही फायबर टाकाऊ नाही. मंडळाच्या सभागृहात, शाळेच्या छताखाली, संग्रहालयात ते उत्तम चालतं. ब्राँझच्या आधी पूर्ण मापाची प्रतिकृती करून ती जागेवर महिनाभर उभी करून पाहायला तर फायबरसारखं दुसरं काही नाही. उघड्या चौकासाठी मात्र पाचपैकी दोन गुण, समुद्रकाठी एकच.

आता ब्राँझ. निविदेत ‘पंचधातू’ असा शब्द दिसला की सावध व्हावं. देवाच्या मूर्तीला तो शब्द शोभतो, मोजमाप पुस्तिकेत त्याला अर्थ नाही. पुतळ्यांसाठी नेहमी वापरतात तो गनमेटल, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथिल, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. हे प्रमाण निविदेत आकड्यांनी लिहावं आणि भट्टीच्या प्रत्येक ओतणीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. एकाच ओतणीचा नमुना सगळ्या पुतळ्यासाठी दाखवायची पद्धत आहे, ती चालवून घेऊ नये. भंगारातलं पितळ मिसळलं की जस्त वाढतं, रंग पिवळट होतो. पॅटिनाखाली, म्हणजे ब्राँझवर रसायनांनी आणलेल्या रंगाच्या थराखाली, ते काही वर्षं झाकलं जातं, पुढे जोडांच्या बाजूने वेगळे पट्टे उमटतात.

कामाचा क्रम असा. शाडू किंवा क्लेमध्ये पूर्ण मापाचं मॉडेल, त्यावरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा, साच्यात पाच-सहा मिलिमीटरचं मेण, मेणाला धातू आत जायच्या आणि वाफ बाहेर पडायच्या नळ्या, वर उष्णतारोधक लेप, मग भट्टीत मेण काढून त्या पोकळीत अकराशे-बाराशे अंशांचा रस. मोठा पुतळा तुकड्यांत ओततात आणि जोडतात. पुण्यातला नानासाहेब करमरकरांचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा एकसंध ओतलेला म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती वेगळ्याच तोडीची कामगिरी. आजच्या फाउंड्रीकडून तुकडेच अपेक्षित ठेवा आणि जोड नीट तपासा. धातू थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतो. दहा फुटाला ते पावणेदोन इंच होतात. मॉडेल बरोबर दहा फुटी केलं की तयार पुतळा पावणेदोन इंचांनी कमी भरतो, आणि मग ती उणीव पायाखालच्या जाड पाट्याने ‘भरून’ काढली जाते. उंची मोजताना पाटा वगळून मोजायची, हे करारात असू द्या.

पैसे कसे द्यायचे, यात खरी मेख आहे. सहा मिलिमीटर जाडीचं ब्राँझ चौरस मीटरला ५३ किलो भरतं. वरचाच दहा फुटी पुतळा घेतला तर नऊ चौरस मीटरला पावणेपाचशे किलो, जोड आणि जाड जागा धरून साडेपाचशे-सहाशे. आता दर फुटावर ठरला असेल तर प्रत्येक मिलिमीटर वाचवणं हा फाउंड्रीचा नफा. पत्रा चारवर येतो, काखेत आणि वस्त्राच्या घड्यांत तीनवर. दर किलोवर ठरला असेल तर उलटं. पाया, घोड्याचं पोट, आसन अशा न दिसणाऱ्या जागी पंधरा-वीस मिलिमीटरचे गोळे निघतात, कारण वजनाला पैसे आहेत. दोन्ही पद्धतींत फसगत आहे. चालणारी पद्धत एकच, ठोक रक्कम, किमान जाडी सहा मिलिमीटर आणि कमाल वजनाची मर्यादा, हे तिन्ही एकत्र. तुकडे फाउंड्रीत सुटे असताना कडा उघड्या असतात, तेव्हाच अभियंत्याने व्हर्नियर घेऊन जावं. हनुवटीखाली, काखेत, शालीच्या पदराला, तलवारीच्या मुठीशी आणि घोट्याला मोजावं. जोडून झाल्यावर अल्ट्रासॉनिक जाडीमापक लागतो, आणि तो त्याच मिश्रधातूच्या तुकड्यावर आधी जुळवून घ्यावा लागतो. पोलादावर जुळवलेला मापक ब्राँझची जाडी चुकीची दाखवतो.

सगळ्यात वाईट अनुभव मात्र कातडीचा नाही, हाडांचा आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर नौदल दिनाला, ४ डिसेंबर २०२३ रोजी, ३५ फुटी शिवपुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. वारा ताशी ४५ किलोमीटर होता, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. वरच्या हिशेबात तो आकडा घालून बघा. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पुण्यासाठी जो दाब धरायचा त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा दाब तिथे होता. चौकशी समितीला सांगाडा कमकुवत, वेल्डिंग सदोष आणि लोखंड गंजलेलं आढळलं. नट-बोल्ट गंजताहेत असं सार्वजनिक बांधकाम विभागाने काही दिवस आधीच नौदलाला लिहून कळवलं होतं.

याच प्रकरणात कला संचालनालयाकडून एक गोष्ट पुढे आली. संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी क्ले मॉडेलला. कलेच्या अंगाने त्यात गैर काही नाही. चेहरा, पेहराव, शरीराची प्रमाणं सहा फुटांतही दिसतात. पण सहाचं पस्तीस केलं की उंची पावणेसहा पटींपेक्षा जास्त होते, वारा झेलणारं क्षेत्र ३४ पट आणि उलथवणारा जोर जवळजवळ २०० पट. कला संचालनालयाचा शिक्का हा साम्याचा शिक्का आहे, मजबुतीचा नव्हे. फाइलमध्ये तो एक कागद लागला की सगळ्यांना वाटतं, झालं. संरचना अभियंत्याचं पूर्ण मापाच्या पुतळ्याचं गणित आणि त्याची दुसऱ्या संस्थेकडून तपासणी हे स्वतंत्र कागद आहेत. ते मागावे लागतात, आपण होऊन येत नाहीत.

राजकोटला नंतर काढलेल्या निविदेत हा धडा दिसतो. ६० फुटी पुतळा, आधी तीन फुटी फायबर मॉडेल दाखवायचं, शंभर वर्षांची हमी आणि दहा वर्षं देखभाल कंत्राटदाराकडेच. शिल्पकार राम सुतारांच्या संस्थेने केलेल्या या पुतळ्याचं अनावरण ११ मे २०२५ रोजी झालं. शंभर वर्षांच्या हमीपेक्षा दहा वर्षांची देखभाल ही अट जास्त कामाची, असं आमचं मत. शंभर वर्षांनी कुणाला गाठणार? दहा वर्षांची अनामत मात्र बँकेत अडकलेली असते.

सांगाड्यात काय बघायचं? साधं लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना चिकटून असले आणि मधे ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं. खारं पाणी असेल तर विचारूच नका. त्यासाठी सांगाडा स्टेनलेसचा हवा आणि जिथे तो ब्राँझला टेकतो तिथे नायलॉनची किंवा टेफ्लॉनची पट्टी. किनाऱ्यालगत ३१६ ग्रेड, ज्यात मॉलिब्डेनम असतं. ३०४ तिथे पुरत नाही. साइटवर चुंबक लावून ‘बघा साहेब, चिकटत नाही, अस्सल स्टेनलेस’ म्हणून दाखवतात. चुंबक ३०४ ला चिकटत नाही तसंच ३१६ लाही चिकटत नाही, त्यामुळे त्या नाटकाने काहीच सिद्ध होत नाही. पोलाद कारखान्याचा चाचणी दाखला आणि मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब, या दोन गोष्टींनी होतं. आणखी एक हमखास चूक म्हणजे सांगाडा स्टेनलेसचा पण नट-बोल्ट साध्या लोखंडाचे, वरून रुपेरी रंग. जास्तीत जास्त ताण ज्या जागी, तिथेच सगळ्यात स्वस्त माल.

आत साचणारं पाणी हा दुसरा शत्रू. जोडांमधून थोडं पाणी जाणारच, धातू रात्री गार पडला की आतून दवही सुटतं. प्रत्येक खोलगट जागेच्या तळाशी दहा-बारा मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक हवं, म्हणजे बुटात, घोड्याच्या पोटाखाली, वळलेल्या कोपरात. उभारणीच्या वेळी हीच भोकं ‘कुरूप दिसतात’ म्हणून सिलिकॉनने बुजवली जातात. पुतळ्याच्या पायाशी चौथऱ्यावर तांबूस ओघळ दिसू लागले तर समजा की आतलं लोखंड बोलू लागलंय. हिरवे ओघळ एवढे घाबरण्यासारखे नाहीत, ते तांब्याचे.

चौथऱ्याचा घोळ वेगळाच. भूमिपूजनाला मुहूर्त असतो, मॉडेलच्या मान्यतेला नसतो. म्हणून चौथरा आधी तयार होतो, ग्रॅनाइट लागतं, नावाची पाटीही कोरली जाते, आणि पुतळा आल्यावर कळतं की बोल्ट आणि पाट्याची भोकं जुळत नाहीत. मग ग्रॅनाइट फोडून रासायनिक अँकर ठोकले जातात. काही वेळा तर ते आतल्या काँक्रीटपर्यंत पोचतच नाहीत, विटांच्या भरावात अडकतात. यावर उपाय अगदी साधा आहे. पोलादी पट्टीचा एकच टेम्प्लेट करायचा. फाउंड्रीत पुतळ्याचे पाय त्यावर बसवून भोकं पाडायची आणि तोच टेम्प्लेट ट्रकमध्ये घालून साइटवर आणून काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट त्यात उभे करायचे. टेम्प्लेटला खर्च असा काही येत नाही. आकसणार नाही असं ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, पाट्याखाली भरायला तीन-चार सेंटिमीटर जागा सोडायची. वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून तांब्याची पट्टी सांगाड्याला जोडून जमिनीत न्यायची, तीही ग्रॅनाइट लावण्याच्या आधी.

जागेचा निर्णय हा सभागृहाचा, आणि चुकतो तोही तिथेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाप्रमाणे सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या अशा जागांवर पुतळ्यांना नवी परवानगी देता येत नाही. वाहतूक बेट हा रस्त्याचाच भाग असतो. ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली पुतळा बसवायची पळवाट अनेकांना सुचते. ती पुढे याचिकेत अडकते आणि पुतळा कापडात गुंडाळलेला राहतो. राज्याचा २ मे २०१७ चा शासन निर्णय वाचून घेतला तर अर्धी धावपळ वाचते. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीचा उतारा, पोलिसांचं ना हरकत, मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची जबाबदारी कुणाची याचं लेखी उत्तर, हे सगळं लागतं. मुंबईत वारसा परिसरात जागा असेल तर वारसा समितीचा टप्पा वेगळा. शहराचा बेत बदलला की पुतळा हलतो हेही ध्यानात ठेवावं. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ साली चौकातून निघाला आणि भायखळ्याच्या राणीबागेत गेला. आज तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयामागे उभा आहे. फोर्टातल्या त्या भागाचं नाव मात्र हललं नाही, आणि २०१७ साली तिथे स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. उचलायच्या कड्या आत ठेवलेला पुतळा हलवता येतो, चौथऱ्यात ओतून टाकलेला कापावा लागतो.

गुंडाळलेल्या पुतळ्याबद्दल थोडं. अनावरणाची तारीख मिळेपर्यंत प्लास्टिकच्या कागदात आवळून ठेवतात. आत ओल कोंडते आणि ताज्या पॅटिनावर घड्यांचे डाग उठतात. सुती कापड वापरा, खालून हवा जाऊ द्या.

रोजच्या निगेचं गणित सोपं आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, पूर्ण वाळवणं आणि मेणाचा पातळ हात. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर लावली की पुतळा एक दिवस सोन्यासारखा चमकतो आणि पॅटिना कायमची जाते. दुधाचा अभिषेक झाला तर त्याच दिवशी धुऊन काढावा, वाळलेल्या दुधावर धूळ बसून घट्ट थर होतो. अंदाजपत्रकात या निगेसाठी वेगळं शीर्ष ठेवलेलं नसेल तर ती होत नाही. उद्यान विभाग म्हणतो बांधकामाकडे, बांधकाम म्हणतं विद्युतकडे.

हाराची शिडी हा विषय तर एकाही नकाशात नसतो. जयंतीला पहाटेपासून रांग लागते, आणि बांबूची किंवा ॲल्युमिनियमची शिडी टेकते ती थेट पुतळ्याच्या पुढे आलेल्या हातावर. दोन माणसं वर, मोठा हार, खाली ढकलाढकली. पुढे आलेला हात हा सांगाड्यातला सगळ्यात बारीक भाग. मनगटाशी आतला पाइप जेमतेम मावतो. त्या जोडाला पहिली चीर पडते ती वाऱ्याने कमी, शिडीने जास्त. चौथऱ्याच्या मागच्या बाजूने कायमचा जिना आणि खांद्याच्या उंचीला छोटा कठडा दिला तर हार मागून घालता येतो.

गुण द्यायचे तर, आतून स्टेनलेस, सहा मिलिमीटर, कागद पूर्ण असं ब्राँझ पाचपैकी साडेचार. साध्या लोखंडावर चढवलेलं ब्राँझ एक, आणि तोही चेहरा नीट असेल तरच. सेवेचे गुण अनावरणाच्या दिवशी देऊ नयेत. दहा टक्के रक्कम राखून ठेवा, पहिला पावसाळा जाऊ द्या, ऑक्टोबरमध्ये पाठीतलं झाकण उघडून टॉर्च मारा, बोल्ट किती घट्ट आहेत ते टॉर्क पान्याने तपासा, आणि मग शेवटच्या बिलावर सही करा.